दार नसलेले घर

जांबोटीहून चोर्ल्याच्या वाटेला लागले की कणकुंबी येते. तिथल्या माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला तोंड करून निघते, ती थेट कूडलसंगमला कृष्णेला जाऊन मिळते. आमच्याच खानापूर तालुक्यातल्या देगावच्या रानातून म्हादई निघते. ती मात्र पश्चिमेची वाट धरते, घाट उतरून गोव्यात जाते आणि तिथे तिला लोक मांडवी म्हणतात. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. वर्गात भूगोल शिकवताना मी हे मुलांना नेहमी सांगतो. पण मला जे सांगायचे आहे ते भूगोलातले नाही. म्हादईचे पाणी पणजीला जिथे समुद्राजवळ पोचते, तिथे तिच्या काठावर एक वास्तू उभी आहे. गेली तीसेक वर्षे ती वास्तू माझ्या मनातून गेलेली नाही. तिचे नाव कला अकादमी.

मी पहिल्यांदा ती पाहिली १९९१ साली. बेळगावला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या भागातली पुष्कळ मुले तेव्हाही गोव्यात कामाला जात, आजही जातात. माझा एक मावसभाऊ पणजीत हॉटेलात कामाला होता. दिवाळीच्या सुटीत मी आणि माझा एक मित्र लोंढा, रामनगर, अनमोड असे एसटीचे धक्के खात त्याच्याकडे गेलो. दुपारी त्याला दोन तासांची मोकळीक मिळाली. तो म्हणाला, "चला, तुम्हाला नाटकाचं घर दाखवतो."

कांपालच्या झाडांच्या रस्त्याने आम्ही चालत गेलो. एक बसकी, लांबच लांब पसरलेली इमारत दिसली. उंच कमान नाही, घुमट नाही, पायऱ्यांचा दिमाख नाही. रस्त्यावरच्या झाडांची सावली संपते न संपते तोच इमारतीच्या छताची सावली सुरू झाली आणि आम्ही आत आलो आहोत हे आम्हाला आत आल्यावरच कळले. समोर पाहिले तर पलीकडे नदी. माझ्या मित्राने बावचळून विचारले, "अरे, पण आत जायचं दार कुठलं?"

मावसभाऊ म्हणाला, "आलास की आत!"

"आणि तिकीट?"

"तिकीट नाटकाला. घराला कसलं तिकीट?"

खेड्यातून आलेल्या आम्हा दोघांना याचे जे आश्चर्य वाटले, ते आज शहरात वाढलेल्या वाचकाला कदाचित कळणार नाही. आमच्या लहानपणी 'मोठी इमारत' म्हणजे कचेरी. तिच्या दारात चप्पल काढायची की नाही, इथपासून शंका. तिथे आपण कशाला आलो हे कुणीतरी विचारणार, आणि ते बहुधा आपल्याला नीट न येणाऱ्या भाषेत विचारणार, ही धास्ती. इथे कुणीच काही विचारले नाही. ओट्यावर दोन मुली गाण्याची वही उघडून बसल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ नदीकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचत होते. मुख्य नाट्यगृहातून पेटीचा सूर येत होता. आम्ही दाराशी घुटमळलो. आतल्या एका माणसाने वळून पाहिले आणि तो हळूच म्हणाला, "बसात, पूण उलयनाकात." बसा, पण बोलू नका. आम्ही मागच्या रांगेत बसलो. रंगमंचावर एका मराठी संगीत नाटकाची तालीम चालली होती. सूचना कोंकणीतून, पदे मराठीतून.

डोळे अंधाराला सरावल्यावर बाजूच्या भिंतींकडे लक्ष गेले आणि मी दचकलो. नाट्यगृह रिकामे होते, तरी भिंतीवरच्या सज्ज्यांत माणसे बसली होती! मग कळले, ती चितारलेली होती. मारिओ मिरांडा या गोव्याच्या व्यंगचित्रकाराने जुन्या नाटकघरातले सज्जे आणि त्यांत बसलेले गोमंतकीय भिंतीवर रंगवले होते. प्रयोग असो वा तालीम, प्रेक्षक हजरच. कुणीही नट तिथे कधी एकटा पडत नसे.

*

पुढे धारवाडला इतिहासात एम. ए. करताना आणि नंतर शिक्षकी पेशात आल्यावर मी या घराची कुळकथा गोळा करत गेलो. तिच्यात आपल्या सीमाभागातल्या माणसाने लक्षात घ्यावे असे बरेच आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, हे त्यांच्या पक्षाचे ब्रीद होते. त्यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेश वेगळा राहावा या बाजूने १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी भाऊसाहेबांची बाजू हरली. घरे फुटली होती, शेजारी दुरावले होते, मराठी आणि कोंकणी या दोन बहिणींच्या नावाने माणसे एकमेकांवर डोळे वटारत होती. हा अनुभव आपल्याला नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण त्याच तव्यावर आहोत. आपला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि आपल्याकडे एका पिढीचे केस त्या वाटेकडे डोळे लावून पांढरे झाले.

पण त्या कौलानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९७० साली, त्याच बांदोडकरांच्या कारकिर्दीत कला अकादमी स्थापन झाली, हे मला विशेष वाटते. हरलेल्या पक्षाने आपल्या भाषेपुरती एक वेगळी चूल मांडली असती तर ते मनुष्यस्वभावाला धरूनच झाले असते. तसे झाले नाही. अकादमीने मराठी नाट्यस्पर्धा घेतल्या, कोंकणी नाट्यस्पर्धा घेतल्या आणि तियात्रांच्या स्पर्धाही भरवल्या. तियात्र हा ख्रिस्ती गोमंतकीयांचा लाडका नाट्यप्रकार. त्याचा पहिला प्रयोग गोव्यात नव्हे, तर मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी लुकाझिन रिबेरो यांनी केला. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसांची ती कला. तिला अकादमीत मानाची जागा मिळाली. एका दालनात हिंदुस्थानी गाणे, दुसऱ्यात पाश्चात्त्य संगीताचे वर्ग, तिसऱ्यात नाट्यविद्यालय अशी घडी बसली. गावोगावच्या भजनी मंडळांसाठी मनोहरबुवा शिरगावकर यांच्या स्मरणार्थ भजनस्पर्धा सुरू झाली आणि शेतावरून परतलेली माणसे टाळ-पखवाज घेऊन त्या मोठ्या रंगमंचावर चढली. केरीच्या केसरबाई केरकरांच्या नावाने संगीत समारोह होऊ लागला. मुख्य नाट्यगृहाला मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचे नाव दिले गेले.

इमारत पुरी झाली ती १९८३ साली. बांदोडकर त्याआधीच, १९७३ मध्ये निवर्तले होते. वास्तुशिल्पी होते चार्ल्स कोरिया. जन्म १९३० चा, सिकंदराबादचा, पण घराण्याचे मूळ गोव्यात. अहमदाबादचे साबरमतीकाठचे गांधी स्मारक संग्रहालय त्यांनी तरुणपणी बांधले. भोपाळचे भारत भवन त्यांचेच, जयपूरचे जवाहर कला केंद्रही त्यांचेच. आपल्या हवेत माणूस वर्षाचे बरेच दिवस उघड्यावर सुखाने राहतो, तेव्हा चार भिंतींच्या पेटीत त्याला कोंडण्यापेक्षा अंगण, ओटा, पडवी, गच्ची यांनाच इमारतीचे मुख्य अंग मानावे, असे त्यांचे जन्मभराचे सांगणे होते. गोव्यात त्यांनी तेच केले. सुमारे हजार माणसांचे बंदिस्त नाट्यगृह, सुमारे दोन हजारांचा खुला रंगमंच, आणि या दोहोंना जोडणारी, रस्त्यापासून नदीपर्यंत आरपार जाणारी एक मोठी पडवी. माझ्या मते त्या इमारतीतले मुख्य दालन ही पडवीच. नाटकाला आलेला आणि नुसता वारा खायला आलेला यांच्यात ती भेद करत नाही.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. देवळाचा सभामंडप म्हणजे दुसरे काय? आमच्याकडे भजन सभामंडपातच होते, पंचायत तिथेच बसते, पावसात अडकलेला वाटसरू तिथेच रात्र काढतो. यात्रेला जे नाटक होते, ज्यासाठी गावातली मुले महिनाभर तालमी करतात आणि स्त्री-भूमिकेसाठी बेळगावहून नटी बोलावली जाते, त्याचा मांडवही देवळापुढेच पडतो. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात मराठी नाटक जिवंत राहिले, तेही जत्रांच्या अशाच मांडवांतून. कोरियांनी त्या सभामंडपाला नदीकाठी नेले, एवढेच.

*

आता एक जुनी गोष्ट. ती आपण सगळे शाळेत अर्धी शिकतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला गेला. दर वर्षी ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो. उरलेली अर्धी गोष्ट अशी, की त्याआधी कारवार जिल्ह्यातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली होती. कानडी मंडळी, कानडी खेळ. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तो पाहिला, त्यांना तो आवडला, आणि असे काही मराठीतही व्हावे म्हणून त्यांनी भाव्यांना सांगितले. म्हणजे सांगलीच्या दरबाराने त्या दिवशी 'तुमची भाषा कोणती' म्हणून कर्कीकरांना वेशीवरून परत पाठवले असते, तर आपल्या रंगभूमी दिनाची तारीख काय झाली असती, कोण जाणे.

त्याच १८४३ सालच्या ३१ मार्चला मलप्रभेच्या खोऱ्यातल्या गुर्लहोसूरला बळवंत पांडुरंग किर्लोस्कर जन्मले. तेच आपले अण्णासाहेब किर्लोस्कर. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणून त्यांनी महाराष्ट्राला संगीत नाटकाचे वेड लावले. त्यांचे जन्मगाव कानडी मुलुखातले, आपल्या बेळगाव जिल्ह्यातले. आणि बेळगावच्या जवळच, सुळेभावीत, ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हा मुलगा जन्मला. घरची बोली कानडी. त्याला जग कुमार गंधर्व म्हणते, आणि त्यांच्या गाण्यावर मराठी माणसाने किती जीव टाकला हे मी सांगायला नको.

हे सारे मी वर्गात सांगतो तेव्हा एखादा मुलगा विचारतो, "मग सर, भांडण कशाला?" त्याला मी सांगतो, की आपल्या भाषेत शिकण्याचा, अर्ज करण्याचा, कागद मिळण्याचा हक्क ही एक गोष्ट आहे आणि तो मागत राहिलेच पाहिजे. पण दुसऱ्याच्या गाण्याला दार लावणे ही निराळी गोष्ट आहे. हे मी सांगतो खरा. पण सांगणे सोपे असते, याचा धडा मला माझ्याच शाळेत मिळाला.

*

आमच्या शाळेला एक सभागृह आहे. देणग्या गोळा करून, पालकांच्या श्रमदानातून उभे राहिलेले. फार मोठे नाही, पण आमच्याकडच्या पावसात कोरडे राहते, हा त्याचा मोठा गुण. वर्षातून दहा-बारा दिवस ते वापरले जाई. बाकी दिवस कुलूप.

काही वर्षांपूर्वी एका अशाच पावसाळ्यात शेजारच्या कन्नड शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे आल्या. त्यांच्या मुलींचा नाच स्पर्धेसाठी निवडला गेला होता आणि तालमीला जागा नव्हती. "सर, हॉल आठ दिवस द्या की. मुली स्वच्छ ठेवतील," एवढेच त्यांचे म्हणणे. त्याच सुमाराला भाषेवरून वातावरण तापलेले होते. मी चालक मंडळाकडे बोट दाखवले. "मंडळाची परवानगी लागेल, बाई. मी विचारून कळवतो." मी विचारलेही नाही आणि कळवलेही नाही. आठवड्याने सायंकाळी घरी जाताना पाहिले, तर त्या मुली एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली नाचत होत्या. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की त्यांना स्वतःचे गाणे ऐकू येत नसावे. त्यांतल्या दोघी-तिघींनी मला पाहिले आणि "नमस्ते सर" म्हणाल्या. अगदी स्वच्छ मराठीत.

मी काही बोललो नाही. छत्री पुढे घेतली आणि चालू लागलो. इतिहासात एम. ए. केलेल्या, चिंतामणराव पटवर्धनांची गोष्ट दर वर्षी शिकवणाऱ्या माणसाची ही हकिकत.

*

दार लागल्यावर काय होते, हे पुढे गोव्यानेही पाहिले. २०१९ मध्ये अकादमीचा खुला रंगमंच पाडण्याची भाषा सुरू झाली. इमारत गळत होती, जुनी झाली होती, हे खरेच होते. पण कलावंत, वास्तुशिल्पी आणि साधे नागरिक पाडकामाच्या विरोधात उभे राहिले. २०१५ च्या जूनमध्ये कोरिया गेले होते, तेव्हा घराची बाजू मांडायला घरात येणारीच माणसे उरली होती. ती गप्प बसली नाहीत. २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी अकादमी बंद झाली. काम चालू असतानाच १७ जुलै २०२३ रोजी खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला अकादमी पुन्हा उघडली, पण कामाच्या दर्जाबद्दल कलावंतांच्या तक्रारी त्यानंतरही चालू राहिल्या. त्या सगळ्या वादात मला एक गोष्ट दिसली. सरकारी इमारतीचा एक तुकडा पडला म्हणून लोक एवढे हळहळत नाहीत. इथे लोक आपले घर पडल्यासारखे बोलत होते.

कोल्हापूरकरांनीही हेच भोगले. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदानाशेजारी बांधलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये पुरे झाले. १९५७ मध्ये त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळाले. सकाळी कलावंत राखेपुढे उभे राहून रडत होते. त्याच्या पुनर्उभारणीचे काम पुढे हाती घेतले गेले. नाट्यगृह काही चुन्या-विटांनीच बांधलेले नसते, हे अशा वेळी कळते.

२०२४ च्या जानेवारीत मी आमच्या दहावीच्या मुलांची सहल चोर्ला घाटाने पणजीला नेली. आता तो रस्ता आमच्या दारावरून जातो. मुले नदीकाठी बसली, डबे सोडले. मी त्यांना म्हटले, "हे पाणी ओळखता का? आपल्याकडचं आहे." एक मुलगी म्हणाली, "सर, मग आपणसुद्धा इथले झालो की!" सगळी हसली. मला मात्र तो पत्रा आठवला.

परत आल्यावर पहिल्याच बैठकीत मी विषय काढला. सभागृह महिन्यातून एक दिवस सर्वांसाठी उघडे ठेवावे. भाडे नाही, अर्ज नाही, अध्यक्ष नाही, भाषण नाही. ज्याला जे येते ते त्याने करावे. बैठक सोपी झाली नाही. "आपल्याला ते कुठे जागा देतात?" असे एकाने विचारले, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. सीमालढ्यात लाठ्या खाल्लेले एक वयोवृद्ध सदस्य होते. ते काय म्हणतील याची मला सर्वांत जास्त भीती. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, आम्ही भांडलो ते आमच्या पोरांच्या भाषेसाठी. दुसऱ्याच्या पोरांना पावसात ठेवण्यासाठी नव्हे. उघडा." तरी दोन सदस्यांनी आपला विरोध नोंदवून घ्यायला लावला. तो इतिवृत्तात आहे.

मार्चच्या पहिल्या रविवारी सभागृह उघडले. आधी गावचे भजनी मंडळ बसले. मग रानातल्या वाडीवरचे धनगर आले, ढोल घेऊन. एका निवृत्त वाहकाने नाट्यपद म्हटले, जरा बेसूर, पण मनापासून. चारच्या सुमारास कन्नड शाळेच्या मुली आल्या. पत्र्याखाली नाचणाऱ्या त्या मुली आता हायस्कूलला गेल्या होत्या, या त्यांच्या मागच्या. बाई दारात थांबल्या. आत यावे की नाही, अशा. मी पुढे झालो आणि म्हणालो, "बाई, मागे एकदा कळवतो म्हणालो होतो. उशीर झाला. माफ करा."

त्या म्हणाल्या, "कळलं ना सर आता. बास झालं."

मुली नाचल्या. पेटी आमच्या भजनी मंडळाच्या बुवांनी धरली. त्यांना कानडी शब्द येत नव्हते, सूर येत होता.

तेव्हापासून दर महिन्याचा पहिला रविवार चालू आहे. कधी साठ माणसे येतात, कधी नऊ. विरोध नोंदवणाऱ्यांपैकी एक जण अजून येत नाहीत. दुसरे येतात, मागच्या बाकावर बसतात आणि कार्यक्रम संपण्याआधी उठून जातात. सभागृहाला कुलूप अजूनही आहे, कारण पंखे आणि पेटी सांभाळावी लागते. पण किल्ली आता माझ्या कपाटात नसते. ती कार्यालयाबाहेरच्या खिळ्याला टांगलेली असते, आणि रविवारी सकाळी जो आधी येईल तो सभागृह उघडतो.